सतरा नंबरची चकती

काउंटी कोर्टाच्या दारात एकोणीस वर्षं उभा आहे मी.
छातीवर बिल्ला, समोर प्लास्टिकचा ट्रे,
टेबलाखाली कॉफीचा रिकामा डबा.
त्यात सुऱ्या ठेवतो, लोकांच्या.
आत जाताना सुरी द्या, पितळेची चकती घ्या.
येताना चकती द्या, सुरी न्या.

ओपल रेनी कुंपणाच्या भांडणासाठी येते, दर महिन्याला.
तिची सुरी करंगळीएवढी, सफरचंद सोलायची.
दात राहिले नाहीत म्हणते, फोडी पातळ लागतात.
लेस्टर गफी कुत्र्याच्या पंजातले काटे काढतो त्याच्या सुरीनं.
पात्याला केस चिकटलेले असतात. मी पुसत नाही.

केसानं गळा कापणारेही याच दारातून जातात.
त्यांच्यासाठी घंटा वाजत नाही.
ते माझं खातं नाही.

नदीवर पूल आहे. पुलाच्या मधोमध हिरवी पाटी,
तिथं आमचं राज्य संपतं.
पलीकडे कमरेला सुरी लटकावली
तर कुणी मान वर करून बघत नाही.
अलीकडे विचारतात, किती इंच?
घडीची की सरळ? एका धारेची की दोन?
आणि मग खाली आवाजात:
दिसत होती का?
दिसत असेल तर अवजार,
नसेल तर हत्यार.
रिकाम्या दुपारी मी ते कलम वाचलंय, दोनदा.
त्यात शर्टाबद्दल एक अक्षर नाही.
पण शर्ट खोचलेला असला तर तुम्ही शेतकरी,
बाहेर आला की आरोपी.

कोबी प्रुइट पलीकडचा. बाविशीचा असेल.
तंबाखूच्या कोठारात पेंढ्यांचे दोर कापायचा.
नोव्हेंबरात काम संपवून पूल ओलांडून आला,
अलीकडे डिझेल स्वस्त म्हणून.
थंडी होती. त्यानं कोट घातला.
कोट कमरेखाली आला.
एवढंच झालं.

खटल्याच्या दिवशी घंटा वाजली
आणि त्यानं खिशातून दुसरी सुरी काढली.
सुरीच्या खटल्याला, सुरी घेऊन!
मी बघतच राहिलो. तो लाजला.
"सवय," म्हणाला, "बापाची आहे."
मी सतरा नंबरची चकती दिली.

आत वकिलानं पट्टी लावून पातं मोजलं,
मग 'हेतू' हा शब्द तीनदा उच्चारला.
हेतूला लावायची पट्टी कुणाकडेच नव्हती.
पोरगा म्हणाला, साहेब, थंडी वाजत होती.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
जुने दंडही थकलेले निघाले.
माझ्या दारातून आलेला पोरगा
मागच्या दारानं व्हॅनमधून गेला.
चकती त्याच्याबरोबर गेली.

हरणाच्या शिंगाची मूठ. त्यावर खिळ्यानं कोरलेलं आर. पी.
नियम असा, नव्वद दिवस वाट बघा, मग नष्ट करा.
नष्ट करायचा फॉर्म चार पानांचा आहे.
एक्याऐंशीव्या दिवशी, रविवारी,
मी ती गाडीत घेतली. आणि अडलो.
खिशात ठेवावी, तर लपवली.
खणात ठेवावी, तर लपवली.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सांगतोय.
शेवटी काचेपाशी ठेवली, उन्हात, सगळ्या जगाला दिसेल अशी.
पुलाच्या सांध्यावर गाडी उडाली
आणि ती घसरून सीटखाली गेली.
पाटी अजून शंभर हात लांब होती.
मी वेग वाढवला नाही. कमीही केला नाही.
आरशात मात्र पाहिलं.

त्याची आई दारात आली, हाताला अक्रोडाचे काळे डाग.
काही विचारलं नाही. अंगठ्याच्या नखानं पातं उघडलं,
एका झटक्यात, न बघता.
"धार गेलीय," म्हणाली, आणि आत गेली.
दगडावर पातं घासल्याचा आवाज येऊ लागला.

मी पायरीवर उभा होतो, हात कोटाच्या खिशात.
मग बाहेर काढले.